गॉर्ड डाउनी आणि द ट्रॅजिकली हिप : कुणी ऐकलंय का?

किंग्स्टनकर (धागाकर्ता)

परवा 'सध्या काय ऐकताय' धाग्यावर कॅनडाचा विषय निघाला आणि ब्रायन अ‍ॅडम्स, नील यंग, सेलीन डिऑन, रश अशी नावं पटापट आली, गॉर्ड डाउनीचं नाव काही कुणी घेतलं नाही. कळायला मार्गही नाही म्हणा. हा माणूस आणि त्याचा द ट्रॅजिकली हिप हा बँड, अमेरिकेत बफेलो, डेट्रॉइट अशी बॉर्डरलगतची शहरं सोडली तर तिथेही फारसा कुणाला माहीत नाही. आणि इकडे कॅनडात २० ऑगस्ट २०१६ ला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला तो टीव्ही, रेडिओ, इंटरनेट सगळं धरून १ कोटी १७ लाख लोकांनी पाहिला-ऐकला. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या थोडी वर, म्हणजे तीन माणसांत एक जण. ऐन रिओ ऑलिंपिक चालू असताना सीबीसीने (इकडची सरकारी वाहिनी) ऑलिंपिक बाजूला ठेवलं आणि अख्खा कार्यक्रम मधे एकही जाहिरात न लावता दाखवला.

मी नोकरीनिमित्त किंग्स्टनला आलो आणि इथलाच झालो. टोरांटो आणि मॉन्ट्रियल यांच्या साधारण मधोमध, ओंटारियो तळ्याच्या काठी, चुनखडीच्या दगडी इमारतींचं, विद्यापीठाचं आणि तुरुंगांचं गाव. गॉर्ड ६ फेब्रुवारी १९६४ चा, जन्म शेजारच्या अ‍ॅमहर्स्टव्ह्यूचा. वडील आधी फिरते विक्रेते, नंतर घरांच्या खरेदी-विक्रीत. पोरगा लहानपणी आइस हॉकीत गोलकीपर आणि बॉस्टन ब्रुइन्सचे कोच हॅरी सिंडेन हे त्याचे गॉडफादर (बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले वडील). १९८४ मधे रॉब बेकर, गॉर्ड सिंक्लेअर, जॉनी फे यांच्याबरोबर बँड जमला, १९८६ मधे पॉल लँग्लवा आला आणि तेव्हापासून शेवटपर्यंत हेच पाच जण. तीस वर्षं! त्यात बरीच वर्षं गाण्यावर श्रेय एकट्यादुकट्याचं नाही, बँडचं. बहुतेक बँड पैशावरून आणि श्रेयावरून फुटतात, यांनी ती भानगडच ठेवली नाही.

मला त्याच्याबद्दल जे मनापासून सांगायचंय ते असं की याने गाण्यात आपल्या देशातल्या गावांची, माणसांची, घटनांची नावं सरळ घातली आणि ती परक्यांना समजावून सांगायची तसदी घेतली नाही. माझ्या मते याच कारणाने तो बाहेर गेला नाही आणि याच कारणाने इथल्या लोकांनी त्याला घरातला मानला. 'फिफ्टी मिशन कॅप' घ्या. बिल बॅरिल्को नावाचा टोरांटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा डिफेन्समन, याने एप्रिल १९५१ मधे मॉन्ट्रियलविरुद्ध ओव्हरटाइममधे गोल मारून स्टॅन्ली कप जिंकून दिला आणि त्याच उन्हाळ्यात मासेमारीला म्हणून एका मित्राबरोबर छोट्या विमानाने उत्तरेला गेला तो गायब. पुढे अकरा वर्षं लीफ्सना कप मिळाला नाही. १९६२ मधे मिळाला आणि त्याच वर्षी त्या विमानाचे अवशेष उत्तर ओंटारियोच्या जंगलात सापडले. ही गोष्ट गॉर्डला कुठे मिळाली, तर हॉकीच्या पत्त्यामागे, पोरं जमवतात ना खेळाडूंची कार्डं, त्यावर. गाण्यात तो ती जवळजवळ जशीच्या तशी सांगतो, वर काही भाष्य नाही.

या माणसाबद्दल कुणाला काही माहिती असेल, गाणी आवडत असतील तर लिहा. त्याच्या आजारपणाबद्दल आणि शेवटच्या दौऱ्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, इथे फार लांबण लागेल.

सातारचा_गिटारवाला

वाचतोय. नाव ऐकलं नव्हतं हे खरं. आत्ता 'न्यू ऑर्लीन्स इज सिंकिंग' लावलं. रिफ (गिटारवर घोळत राहणारी धून) कडक आहे, ब्लूजचं वळण आहे, पण आवाज जरा विचित्र वाटला, मधेच थरथरतो, मधेच बोलल्यासारखा. आणि शब्द काय चाललेत काही पत्ता लागला नाही. न्यू ऑर्लीन्स तर अमेरिकेत, मग कॅनडाचं काय त्यात?

पाऊसवेडी

अरे वा, हिपवर धागा! मी मिसिसागाला, टोरांटोजवळ. इकडे आले तेव्हा ऑफिसात लाँग वीकएंडच्या आधी सगळे कॉटेजला जायच्या गप्पा मारायचे आणि कुणी ना कुणी 'बॉबकेजन' गुणगुणत असायचं. मला वाटलं कुठलं तरी लोकगीत आहे. नंतर कळलं बॉबकेजन हे टोरांटोपासून दोनेक तासांवरचं कावार्था लेक्स भागातलं एक लहानसं गाव आहे आणि १९९८ च्या 'फँटम पॉवर' अल्बममधलं हे गाणं आहे. गाण्यातला माणूस टोरांटोत पोलीस आहे, मन बॉबकेजनमधे आहे, शहरातल्या एका दंगलीचा उल्लेख येतो, वंशद्वेषाचा येतो, आणि एकीकडे आभाळात एकेक करून उगवणारे तारे. मी किती वर्षं फक्त तारेच ऐकत होते, दंगल नंतर ऐकू आली.

आणि टोरांटोत कार्यक्रम असला की त्या गाण्यात टोरांटोचं नाव येणारी जी ओळ आहे ना, तिथे पब्लिक असं ओरडतं की पुढच्या दोन ओळी ऐकूच येत नाहीत. कार्यक्रमाच्या डीव्हीडीला नावच त्या ओळीवरून दिलंय. २०११ च्या जूनमधे ते खरोखर बॉबकेजन गावात जाऊन वाजवून आले, गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं लोटली होती.

किंग्स्टनकर

@सातारचा_गिटारवाला, ते गाणं १९८९ च्या 'अप टू हिअर'मधलं, तेव्हा ते अजून बारमधे वाजवणारा ब्लूज-रॉक बँड होते. कॅनडाची नावं दाटीने यायला लागली ती 'फुली कम्प्लीटली' पासून, १९९२. या दोन्ही अल्बमच्या कॅनडात दहा दहा लाखांवर प्रती गेल्यात.

पण बरं झालं तुम्ही नेमकं तेच गाणं लावलं. स्टुडिओतलं ऐकलंत, आता १९९१ च्या आसपासचं लाइव्ह रेकॉर्डिंग शोधा. या गाण्याच्या मधे बँड एकच रिफ घोळवत राहायचा आणि गॉर्ड गाणं सोडून गोष्ट सांगायला लागायचा. एका रेकॉर्डिंगमधे तो मत्स्यालयात किलर व्हेलच्या टाकीत काम करणारा माणूस होतो आणि तिथे काय घडलं ते सांगत सुटतो, हे इकडे 'किलर व्हेल टँक' म्हणून पाठ आहे लोकांना. आपल्याकडे कीर्तनकार अभंग मधेच थांबवून आख्यान लावतो आणि मागे टाळ-मृदंग हळू चालू असतात, अगदी त्या चालीचं. आणि रोज नवं. त्यामुळे चाहते एकाच दौऱ्यात चार गावं फिरायचे, कॅसेटी करायचे, एकमेकांना पोस्टाने पाठवायचे. 'नॉटिकल डिझास्टर' आणि 'अहेड बाय अ सेंच्युरी' ही दोन गाणी या मधल्या बडबडीतूनच हळूहळू तयार झाली, म्हणजे अल्बम यायच्या आधीच काही लोकांनी ती कच्ची ऐकली होती.

आवाजाचं म्हणाल तर पहिल्यांदा सगळ्यांनाच तसं वाटतं. तो शब्द चावून, उडवून, कधी अर्धवट सोडून गातो. स्टेजवर अंगात आल्यासारखा, घामाने निथळलेला, माइकच्या स्टँडशी भांडतोय, रुमालाशी बोलतोय असं काहीबाही.

नीलमोहर

छान धागा. मला एक कळत नाही, एवढे मोठे होते तर अमेरिकेत का नाही चालले? प्रयत्न केला नाही का?

किंग्स्टनकर

केला की. मार्च १९९५ मधे 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकेतल्या गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात वाजवलं, डॅन अ‍ॅक्रॉइडने ओळख करून दिली, हा कॅनडाचाच नट, त्याचं घरही याच भागात. 'ग्रेस, टू' आणि 'नॉटिकल डिझास्टर' वाजवली, दोन्ही 'डे फॉर नाइट' अल्बममधली, दोन्ही अंधारी आणि कोड्यात बोलणारी. अमेरिकेत पहिल्यांदाच एवढे लोक बघणार म्हटल्यावर दुसऱ्या कुणी सोपं, उडतं गाणं काढलं असतं, यांनी ही काढली. १९९९ च्या वुडस्टॉकलाही होते. पण रेडिओवर चालेल असं काही त्यांच्याकडून निघालं नाही. इकडच्या पेपरवाल्यांनी 'हे अमेरिकेत का चालत नाहीत' हा प्रश्न इतकी वर्षं दळला की बँडलाच त्याचा कंटाळा आला असावा. इकडच्या चाहत्यांना मात्र त्याचं काही वाटलं नाही, उलट बॉर्डर ओलांडून बफेलोला कार्यक्रम बघायला कॅनडातलेच लोक जायचे, तिथे जरा लहान हॉलमधे जवळून बघायला मिळतात म्हणून.

आजोबा_ऑनलाइन

माझी लेक विनिपेगला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जावयाने गाडीत 'व्हीट किंग्ज' लावलं होतं. सुरुवातीला एका पाणपक्ष्याचा आवाज येतो, लून म्हणतात त्याला, आणि मग नुसती गिटार. दोन्ही बाजूला गव्हाची शेतं, सरळ रस्ता. जावई म्हणाला बाबा हे एका निरपराध माणसाचं गाणं आहे, मग गाडीत बसल्या बसल्या सगळी गोष्ट सांगितली. इथे कुणी ती नीट लिहील का? मला नावं आता आठवत नाहीत.

पाऊसवेडी

आजोबा, लिहिते. त्याचं नाव डेव्हिड मिलगार्ड. १९६९ मधे सॅस्काटून शहरात एका नर्सिंग असिस्टंट तरुणीचा खून झाला. हा सोळा वर्षांचा पोरगा मित्रांबरोबर फिरत फिरत त्या दिवशी त्या गावात आला होता. त्याला धरलं, १९७० च्या जानेवारीत जन्मठेप. त्याची आई जॉइस मिलगार्ड, हिने वीस वर्षांवर लढा दिला, पंतप्रधानांना एका हॉटेलच्या दारात गाठलं. १९९२ च्या एप्रिलमधे तो सुटला, तेवीस वर्षं आत काढून. गाणं त्याच वर्षीच्या अल्बममधे आलं. म्हणजे बघा, तो बाहेर आला होता पण कायद्याने निर्दोष अजून ठरला नव्हता, ते झालं १९९७ मधे डीएनए तपासणी झाल्यावर, आणि खरा गुन्हेगार १९९९ मधे दोषी ठरला. गाण्यात मिलगार्डचं नाव एकदाही येत नाही. पण इकडे लोकांना गाणं लागलं की तो आठवतो, शाळेत मुलांना या खटल्याबद्दल शिकवताना शिक्षक हे गाणं लावतात. मिलगार्ड २०२२ मधे गेले, तोवर चुकीची शिक्षा झालेल्या इतरांसाठी बोलत राहिले.

किंग्स्टनकर

पाऊसवेडी ताई, छान लिहिलंत. याला जोडून '३८ इयर्स ओल्ड' ऐका, 'अप टू हिअर'मधलं. किंग्स्टनजवळ मिलहेवन नावाचा तुरुंग आहे, तिथून १९७२ मधे चौदा कैदी पळाले होते. त्यावर गॉर्डने एक काल्पनिक घर उभं केलं, पळालेला मोठा भाऊ रात्री घरी येतो, धाकटा भाऊ सांगतोय. खरी घटना फक्त पार्श्वभूमीला, वर्ष आणि आकडाही बदललाय. माझ्या ऑफिसातल्या एकांचे वडील तुरुंगात नोकरीला होते, त्यांना हे गाणं ऐकवत नाही, रेडिओवर लागलं की बंद करतात. या गावात तुरुंगाशी काही ना काही संबंध नाही असं घर कमी.

चिंटूचा_बाबा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी इथे टोरांटोत कॉलेज केलं आणि हिपच्या कार्यक्रमाला दोस्तांबरोबर गेलोय. गाणी चांगली आहेत पण तिथलं पब्लिक मला नेहमी एकाच साच्याचं वाटायचं, बिअर पिऊन हॉकीची जर्सी घालून झेंडे फडकवणारी गोरी पोरं. आमच्यासारख्यांना तिथे जरा बाजूला पडल्यासारखं व्हायचं. आणि कॅनडा म्हणजे काय हे एका बँडने ठरवून टाकलं असं जे इकडचे पेपर लिहितात ते मला पटत नाही. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचा कॅनडा त्या गाण्यांत कुठाय?

किंग्स्टनकर

@चिंटूचा_बाबा, राग कसला, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि त्या गर्दीबद्दल इकडेही बरंच लिहून झालंय. मला वाटतं गर्दी आणि गाणी यात फरक करायला हवा. झेंडे फडकवणारे जी गाणी म्हणत होते त्यात काय होतं? चुकीच्या माणसाला तुरुंगात टाकणारी न्यायव्यवस्था, दंगल, बुडणारं जहाज आणि नावेत जागा नाही म्हणून मागे राहिलेली माणसं. देशाचं कौतुक असं त्यात मला कुठेच सापडत नाही. गॉर्ड स्वतःही त्या झेंडेबाजीपासून लांब राहायचा, मुलाखतीत असला प्रश्न आला की बगल द्यायचा. आपल्यासारख्यांचा कॅनडा त्यात नाही हे मात्र कबूल. तो त्याला जे माहीत होतं त्याबद्दल लिहीत होता. आणि पुढे त्याने जे केलं, चॅनी वेनजॅकचं, ते या तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातं. त्यावर लिहितो, आधी दौऱ्याचं.

डिसेंबर २०१५ मधे त्याला फिट आली. निदान झालं ग्लायोब्लास्टोमा, मेंदूचा कॅन्सर, बरा न होणारा. ऑपरेशन, रेडिएशन, केमो. मे २०१६ च्या २४ तारखेला बँडने वेबसाइटवर जाहीर केलं आणि त्याच निवेदनात सांगितलं की उन्हाळ्यात दौरा करणार आहोत. त्याच दिवशी टोरांटोत डॉक्टरांची पत्रकार परिषद झाली. आजाराने आणि उपचारांनी स्मरणशक्तीवर घाला घातला होता. तीस वर्षं तोंडपाठ असलेली स्वतःची गाणी याला पुन्हा शिकावी लागली, एकेक ओळ घोकून. स्टेजवर सहा टेलिप्रॉम्प्टर लावलेले.

२२ जुलैला व्हिक्टोरियापासून सुरुवात, मग व्हँकुव्हर, एडमंटन, कॅल्गरी, विनिपेग, लंडन (इकडचं ओंटारियोतलं), टोरांटो, हॅमिल्टन, ओटावा आणि शेवटी किंग्स्टन. पंधरा कार्यक्रम. चकचकीत धातूच्या रंगांचे सूट, पिसं खोवलेली हॅट. सुरुवातीला पाचही जण अगदी जवळ जवळ उभे राहून वाजवायचे, एवढं मोठं स्टेज मोकळं सोडून, जसे पहिल्या बारमधे उभे असतील तसे. आणि शेवटी तो प्रत्येक मित्राला मिठी मारून ओठांवर चुंबन द्यायचा, मग ते चौघे निघून जायचे आणि हा एकटा थांबायचा. बोलायचा नाही फार. एकेका बाजूकडे वळून बघत राहायचा, वरच्या शेवटच्या रांगांपर्यंत, माणसं मोजतोय असं वाटावं इतका वेळ.

सातारचा_गिटारवाला

काय बोलावं. गाणी पुन्हा शिकायची म्हणजे... मी स्वतः वाजवतो, एक जुनं गाणं विसरलं तरी बोटं आपोआप जातात, शब्दांचं तसं नसतं.

'डे फॉर नाइट' संपवला कालच्या रात्रीत. आवाजाबद्दल जे वर लिहिलं ते आता तसं वाटत नाही. 'ग्रेस, टू'चं बेस ऐकताय का तुम्ही लोक? अख्खं गाणं त्या बेसवर चालतं, गिटारी नुसत्या कडेने फिरतात.

पाऊसवेडी

'ग्रेस, टू'चं किंग्स्टनचं रेकॉर्डिंग बघा मग. शेवटाकडे तो ओरडायला लागतो, शब्द संपतात, नुसता ओरडतो आणि रडतो, माइक खाली टाकतो. मला ते दुसऱ्यांदा बघवलं नाही.

आम्ही त्या दिवशी घराजवळच्या पार्कात मोठ्या पडद्यावर पाहिलं. देशभर चौकांत, पार्कांत, थिएटरांत पडदे लावले होते. तिकिटं मिळायचा प्रश्नच नव्हता, मी लॅपटॉप उघडून बसले होते, विक्री सुरू झाली आणि काही मिनिटांत सगळं गायब, आणि लगेच दुसऱ्या साइटवर तीच तिकिटं अव्वाच्या सव्वा भावाने. एवढा संताप आला होता. एक माणूस शेवटचं गायला निघालाय आणि त्यावर बॉट (आपोआप तिकिटं उचलणारे प्रोग्राम) लावून पैसे करताहेत. या संतापाचा परिणाम झाला मात्र, ओंटारियो सरकारने हजारो लोकांची मतं मागवली आणि २०१७ च्या शेवटी तिकीट विक्रीचा कायदा केला, बॉट वापरून तिकिटं उचलायला बंदी. पुनर्विक्रीला मूळ किमतीच्या वर पन्नास टक्क्यांची मर्यादा पण घातली होती, ती पुढच्या सरकारने काढून टाकली, त्याचं वाईट वाटतं.

किंग्स्टनकर

मी त्या दिवशी स्प्रिंगर मार्केट स्क्वेअरला होतो, सिटी हॉलसमोरचा चौक. आत एरिनात साडेसहा-सात हजार माणसं मावतात, बाहेर चौकात आणि गल्ल्यांत त्याच्या कितीतरी पट. गावातल्या दुकानांच्या काचांवर गाण्यांच्या ओळी लिहिलेल्या, पाट्यांवर 'धन्यवाद गॉर्ड'. माझ्या शेजारी एक बाई होत्या, साठीच्या असतील, घडीची खुर्ची घेऊन सकाळपासून बसलेल्या. त्यांनी सांगितलं की बँड कॉलेजात असताना त्या एका बारमधे काम करायच्या आणि या पोरांना ओरडायच्या, आवाज कमी करा म्हणून. कार्यक्रम जवळजवळ तीन तास चालला, तीन वेळा आत जाऊन परत आले. मधे मधे तो ओळ चुकायचा, किंवा एक क्षण थांबायचा, आणि चौकातले हजारो लोक ती ओळ म्हणून टाकायचे. पडद्यावर तर तो, त्याला आमचं ऐकू जाणारच नव्हतं, तरी म्हणायचे. शेवटचं गाणं 'अहेड बाय अ सेंच्युरी'.

आणि पंतप्रधान जस्टिन ट्रूडो आत बसलेले, अंगात बँडचा टी-शर्ट. गॉर्डने गाणी थांबवून त्यांचं नाव घेतलं आणि अख्ख्या देशासमोर उत्तरेतल्या आदिवासींबद्दल बोलला. त्या लोकांकडे दुर्लक्ष करायला आपल्याला आयुष्यभर शिकवलं गेलंय आणि आता हे निस्तरायला हवं, अशा अर्थाचं. पंतप्रधान हे करतील असा विश्वासही जाहीरपणे टाकला, म्हणजे नाही म्हणायची सोय ठेवली नाही.

नीलमोहर

हे भारी आहे. आयुष्यात मिळालेला सगळ्यात मोठा श्रोतृवर्ग, आणि तो दुसऱ्यांसाठी वापरला.

चॅनी वेनजॅकचं लिहा ना.

किंग्स्टनकर

लिहितो. कॅनडात शंभर वर्षांवर रेसिडेन्शियल स्कूल नावाचा प्रकार चालला. आदिवासी मुलांना आईबापांपासून काढून चर्चच्या आणि सरकारच्या निवासी शाळांत टाकायचं, भाषा बोलली तर शिक्षा. दीड लाख मुलं या शाळांतून गेली, शेवटची शाळा १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे बंद झाली. चॅनी बारा वर्षांचा, अनिशिनाबे या आदिवासी समाजातला मुलगा, ओंटारियोतल्या केनोराच्या अशाच एका शाळेत. १९६६ च्या ऑक्टोबरमधे तो पळाला. घर होतं ओगोकी पोस्टला, सहाशे किलोमीटरवर, त्याला अंतर माहीत नव्हतं, फक्त रेल्वेच्या रुळांवरून चालत गेलं की घर येतं एवढं माहीत. अंगात पातळ विंडचीटर, जवळ काचेच्या बाटलीत मोजक्या काड्या आगपेटीच्या. २३ ऑक्टोबरला रुळांशेजारी मृतदेह सापडला. थंडी आणि भूक. चौकशी झाली, १९६७ मधे मॅक्लिन्स मासिकात इयन अ‍ॅडम्सने त्यावर लेख लिहिला आणि मग देश विसरला.

गॉर्डच्या भावाने, माइकने, रेडिओवर ही गोष्ट ऐकली आणि त्याला सांगितली. गॉर्डने दहा गाणी लिहिली, 'सीक्रेट पाथ', चित्रं जेफ लमिअरची. हे काम आजाराच्या आधीच झालेलं होतं, प्रसिद्ध केलं ऑक्टोबर २०१६ मधे, चॅनीच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली तेव्हा. त्याआधी तो आजारी अवस्थेत ओगोकी पोस्टला जाऊन चॅनीच्या बहिणींना भेटून आला. त्यांच्याबरोबर मिळून निधी उभा केला, आज देशभरच्या शाळांत त्यातून कार्यक्रम होतात.

चिंटूचा_बाबा

हे वाचून मी माझ्या प्रश्नाकडे परत आलो. सीक्रेट पाथवर काही आदिवासी लेखकांनी टीका केली होती ना, की आमची गोष्ट सांगायला परत एक गोरा प्रसिद्ध माणूसच का लागतो, आमच्यातले लोक इतकी वर्षं सांगत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. त्याचं उत्तर काय?

पाऊसवेडी

त्याचं पूर्ण उत्तर नाही माझ्याकडे, टीका खरी आहे. एवढंच सांगते की चॅनीच्या बहिणींनी त्याला जवळ केलं, स्टेजवर त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१६ मधे आदिवासी प्रमुखांच्या राष्ट्रीय सभेत त्याला पांघरूण पांघरलं, गरुडाचं पीस दिलं, तो हुंदके देत होता. आणि माझ्या मुलीच्या वर्गात चॅनीची गोष्ट शिकवली जाते. मला स्वतःला इकडे येऊन इतकी वर्षं होऊनही रेसिडेन्शियल स्कूल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, सिटिझनशिपच्या पुस्तकात दोन ओळी वाचल्या होत्या, ते मला मुलीने सांगितलं. तिने आता त्यांच्यातल्या लेखकांची पुस्तकं लायब्ररीतून आणायला सुरुवात केलीये. गॉर्डच्या गाण्यावरून तिकडे गेली तर ते मला चांगलंच वाटतं.

आजोबा_ऑनलाइन

पुढे किती दिवस होता तो?

किंग्स्टनकर

१७ ऑक्टोबर २०१७ ला गेला, आजोबा. त्रेपन्न वर्षांचा. ट्रूडो कॅमेऱ्यासमोर रडले. त्याच्या आदल्या वर्षी पीटर मॅन्सब्रिज या बातम्या देणाऱ्या निवेदकाने त्याची मुलाखत घेतली होती सीबीसीवर, इतक्या वर्षांची दोघांची ओळख, तरी गॉर्डने हातावर पेनाने 'पीटर' लिहून ठेवलं होतं, नाव विसरू नये म्हणून, आणि ते त्याने लपवलं नाही, हात दाखवला.

गेल्यावर दहा दिवसांनी 'इंट्रोड्यूस यरसेल्फ' आला. तेवीस गाणी, प्रत्येक गाणं आयुष्यातल्या एकेका माणसासाठी. वडील, मुलं, मित्र. बॅरिल्को आणि मिलगार्डवर गाणारा माणूस शेवटी स्वतःच्या माणसांवर गायला, पण इथे कुणाचं गाणं कुठलं हे त्याने सांगितलेलं नाही, ज्याचं त्याला कळतं. एक गाणं मुलाला लहानपणी झोपवण्याबद्दल आहे, खोलीतून पाय न वाजवता बाहेर कसं पडायचं याबद्दल. पोरं असलेल्यांनी जरूर ऐका.

बँड पाच वर्षं एकत्र वाजवायला उभा राहिला नाही. २०२१ च्या जूनमधे ज्युनो पुरस्कारांच्या (इकडचे संगीताचे पुरस्कार) वेळी टोरांटोच्या मॅसी हॉलमधे चौघे आले, गायला फाइस्ट ही गायिका होती. दुसऱ्या कुणाला कायमचा गायक म्हणून घेतलेलं नाही.

सातारचा_गिटारवाला

पाच अल्बम डाउनलोड करून ठेवलेत. नव्याने ऐकणाऱ्याने कुठल्या क्रमाने जावं? आमच्या इथे रविवारी चार जण जमतो वाजवायला, त्यात एखादं बसवायचा विचार आहे.

किंग्स्टनकर

आधी 'फुली कम्प्लीटली', मग 'डे फॉर नाइट', मग 'फँटम पॉवर'. 'सीक्रेट पाथ' एकट्याने आणि सलग ऐका, चित्रांसकट. बसवायला 'अहेड बाय अ सेंच्युरी' घ्या, दोन अकूस्टिक गिटारींवर होतं, पण मागचा दुसरा आवाज पॉल लँग्लवाचा आहे तो सोडू नका, त्याच्याशिवाय गाणं उभं राहत नाही.

पाऊसवेडी

आणि रेकॉर्ड करून इथे टाका. रविवारची मी वाट बघते.